गाडीमागचे रेडियम

उसाच्या हंगामात रात्री रस्त्याने बैलगाड्या जातात. गाडीला दिवा नसतो. मागच्या पत्र्यावर लाल रेडियम असले तरच ट्रकवाल्याला ती लांबून दिसते. पण रेडियमखाली हवा राहिली की ती उन्हाने फुगते, फोड येतो, कडेने धूळ-पाणी शिरते आणि रेडियम सुटते. आमच्या गाडीला दिवाळीत लावलेले संक्रांतीला नव्हते!

या खेपेला बाबांनी पत्रा धुऊन कोरडा पुसला. मागचा कागद एकदम काढला नाही. बोटभर काढून टोक चिकटवले. मग मी हळूहळू कागद ओढत गेलो आणि बाबा फडक्यात गुंडाळलेल्या फूटपट्टीने मधून कडेकडे दाबत गेले. हवेला बाहेर पडायला वाट पाहिजे ना!

लालवर पिवळा बाण लावायचा होता. तो लहानच कापला. वरच्याची कड खालच्याच्या कडेबाहेर गेली तर तिथे पायरी होते आणि हवा अडकते. तरी एक फोड राहिलाच. आईने तो सुईने टोचून अंगठ्याने दाबला. खालच्या थरातला फोड मात्र वरचे लावायच्या आधीच बघावा, नंतर तो निघत नाही.