विजेच्या खुणांनी वाचला जाणारा डीएनए

फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ आणि अमरावतीत कोरोनाचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा जो तो विचारत होता, विषाणू बदलला का? उत्तरासाठी नमुने पुण्याला गेले. विषाणूची जनुकीय अक्षरे वाचणे हे तेव्हा मोठ्या प्रयोगशाळेचे काम होते.

आज हे वाचन तळहातावर मावणाऱ्या यंत्रावरही होते. एका पातळ पापुद्र्यात प्रथिनाचे छिद्र बसवलेले असते. (सुरुवातीच्या प्रयोगांतले छिद्र गळू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषापासून घेतले होते!) रुंदी जेमतेम दीड नॅनोमीटर. दोन्ही बाजूंना खारे पाणी आणि त्यातून वाहणारी अगदी क्षीण वीज. डीएनएचा धागा छिद्रातून सरकला की ही वीज अडते. ए, टी, जी, सी या चार अक्षरांचा आकार वेगळा, म्हणून अडथळाही वेगळा. छिद्रात एका वेळी चार-पाच अक्षरे असतात; त्यांच्या एकत्रित खुणेवरून संगणक क्रम लावतो. धागा भर्रकन निघून जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवणारे विकर जोडतात. तरीही सेकंदाला शेकडो अक्षरे सरकतात. एकच अक्षर ओळीने आठ-दहा वेळा आले, की मोजणी चुकू शकते.

अमेरिकेतील डेव्हिड डीमर यांनी ही कल्पना १९८९ मध्ये वहीत रेखाटली. पहिला ठोस शोधनिबंध १९९६ चा. २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत हेच यंत्र सामानाच्या पेट्यांतून नेले होते.

मला यात रस आहे तो टीबीमुळे. बेडक्याची सीबीनॅट तपासणी साधारण दोन तासांत रिफाम्पिसिन चालेल की नाही ते सांगते. लिनेझोलिडसारख्या औषधाचे उत्तर मात्र कल्चरमधून मिळते, आणि टीबीचा जंतू इतका सावकाश वाढतो की त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर रुग्ण न चालणारी गोळी घेत राहू शकतो, आणि एकाच खोलीत झोपणाऱ्या लेकरांना लागण होऊ शकते. थेट बेडक्यातून जनुके वाचली तर हे उत्तर काही दिवसांत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत अशा तपासण्यांना मान्यता आहे. त्यांतली एक याच छिद्राच्या तंत्रावर चालते.

पण कल्चर बंद करता येणार नाही. यंत्र मेलेल्या जंतूचाही डीएनए वाचते. शिवाय बेडाक्विलिनला दाद न देणाऱ्या जंतूत नेमके कोणते बदल असतात, याची यादी अजून पूर्ण नाही.