चांदबिबीच्या हातातली तलवार

लोककथेतल्या वीराच्या नावाने तलवार घडवावी, ही हौस जगभर आहे. त्यात जपानी कतानाचा मान मोठा. पाणी देण्यापूर्वी पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात, धारेकडे पातळ. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. ही शोभेची नव्हे, कामाची तलवार. आपल्या नगर जिल्ह्यात असा मान कोणाच्या तलवारीला द्यावा, असे कोणी विचारले तर मी चांदबिबीचे नाव घेईन.

डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा पुत्र मुराद आणि खानखानान यांनी नगरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंग उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. सरदारांचे पाय मागे वळू लागले, तेव्हा बुरखा घेतलेली चांदबिबी नंगी तलवार हाती धरून खिंडारापाशी आली, असे फिरिश्ता लिहितो. दख्खनी तलवार एका हाताने चालवायची; कतानासारखी दोन्ही हातांनी नव्हे. पण त्या दिवशी तिने किती घाव घातले, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. पळू पाहणारी माणसे ती तलवार पाहून परतली, हे तिचे खरे काम. मग रातोरात खिंडार बुजवून घेतले गेले. सकाळी मोगलांसमोर पुन्हा भिंत उभी होती. तहात वऱ्हाड गेले, किल्ला मात्र राहिला.

लोकांनी लक्षात ठेवली ती तलवार. दारूगोळा संपल्यावर तिने सोन्यारुप्याचे गोळे डागले, अशी कथा रचली. शहा डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला ‘चांदबिबीचा महाल’ म्हटले. याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ कैदेत असलेल्या पंडित नेहरूंनाही ती तलवारीसहच आठवली. रात्रभर दगड रचणाऱ्या गवंड्यांची नावे मात्र कोणी जपली नाहीत.

पुढे १६०० साली मोगल पुन्हा आले. आता लढण्यात अर्थ नाही, तह करावा, असे चांदबिबीचे मत पडले. ती शत्रूला फितूर झाली, अशी हाकाटी झाली आणि तिच्याच सैनिकांनी तिला ठार मारले. त्याच वर्षी किल्लाही पडला. तलवार उपसणाऱ्या चांदबिबीला आपण डोक्यावर घेतले. ती म्यान करण्याची वेळ ओळखणाऱ्या चांदबिबीची गोष्ट मुलांना कधी सांगणार?