चिनी विद्यार्थ्यांचं जपानी आमंत्रण: समज आणि वस्तुस्थिती

जपान फाउंडेशनच्या २०२१च्या पाहणीनुसार चीनमध्ये दहा लाखांहून जास्त लोक जपानी शिकत होते. इतके विद्यार्थी दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हते. जपानीतली कांजी अक्षरं मूळ चिनी, त्यामुळे ओळखीची, म्हणून त्यांना जपानी संभाषणही सोपं जात असणार, असा एक समज आहे. वाचताना अक्षरांची मदत होते हे खरं. पण कुणाला जेवायला बोलवायचं तर अक्षरं कामी येत नाहीत. त्यातून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत तोंडी भागच नसतो, त्यामुळे वरची पातळी गाठलेली मुलंही इथे अडखळू शकतात.

'इकिमासेन का' म्हणजे 'जायचं का?' हे आमंत्रणाचं रूप पाठ झालं की काम झालं, हाही गैरसमजच. ते रूप तर सुरुवातीलाच शिकवतात. खरी अडचण त्याच्या आगेमागे असते. जपानी माणूस बहुधा आधी 'शनिवारी मोकळे आहात का?' असं विचारतो, मग बेत सांगतो, 'जमत असेल तर' अशी पुस्ती जोडतो. समोरच्याने 'शनिवारी जरा...' एवढंच म्हणून वाक्य सोडलं, की तो नकार समजायचा आणि कारण खोदून विचारायचं नाही.

चिनी विद्यार्थी मागे लागतात, त्यांना रीत कळत नाही, हा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. गू युएग्वो या भाषाअभ्यासकाने १९९०मध्ये चिनी शिष्टाचारावर लिहिताना दाखवलं, की तिथे बोलावणं, नको म्हणणं, पुन्हा बोलावणं अशा फेऱ्या होतात. पहिल्याच नकाराला थांबलं तर बोलावणं वरवरचं होतं असं वाटू शकतं. पंगतीत आग्रहाने वाढणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. टोकियोत तोच विद्यार्थी 'का नाही? या ना!' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात आपुलकीच असते. जपानी मित्रावर मात्र दुसऱ्यांदा नाही म्हणायची वेळ येते, आणि तेच त्याला जड जातं.

जपानी लोक सदैव आडवळणानेच बोलतात, हेही खरं नाही. जिवलग मित्र 'नोमि नि इको' म्हणजे 'चल, प्यायला जाऊ' असं सरळ म्हणतात. सगळीकडे आदरार्थी रूपं वापरणारा विद्यार्थी अशा घोळक्यात परका राहतो. म्हणून वर्गात सुटं वाक्य घोकून घेण्यापेक्षा अख्खा संवाद करून घ्यावा: मोकळ्या वेळेच्या चौकशीपासून ते नकार ऐकून 'मग पुढच्या वेळी' म्हणत विषय सोडून देण्यापर्यंत.