घाट उतरताना गाडी न्यूट्रल का करायची नाही?

आपल्या अंबरनाथ पश्चिमेत कल्याण-बदलापूर रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं, की किती घरांची चूल ट्रकवर पेटते. कुणाचे अब्बा कर्जत-खोपोलीवरून पुण्याला माल नेतात, कुणाचा भाऊ मुरबाडमार्गे माळशेज चढतो, तर कुणाचे मामू बकरी ईदच्या आधी बकऱ्यांच्या गाड्या घेऊन कसारा घाट उतरतात. या सगळ्यांना घाट चुकत नाही. चढताना फार तर गाडी गरम होते, पण जीव जातो तो उतरताना. म्हणून एक्झॉस्ट ब्रेकबद्दल हे लिहितो आहोत. चालकांसाठी तर आहेच, पण घरच्यांनीही वाचावं.

आधी ब्रेक निकामी कसा होतो ते पाहू. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. 40 टनांचा भरलेला ट्रेलर एवढा खाली आला, की जी ऊर्जा सुटते ती सुमारे 60 युनिट विजेएवढी. घरचं लाइट बिल काढून पाहा, किती दिवसांची वीज झाली ती! दुसऱ्या हिशेबानं सांगायचं तर, तेवढ्या उष्णतेत 200 लिटरचे तीन पिंप भरून पाणी उकळेल. वारा आणि इंजिन त्यातलं थोडं खातात. बाकीचं सगळं चाकांच्या ड्रमनी पचवायचं, तेही वीस-पंचवीस मिनिटांत. चालकानं पूर्ण घाट पायाच्या ब्रेकवर काढला, तर ड्रम तापून फुगतो, लायनर जळतात, वास येतो, आणि मग पॅडल पूर्ण दाबूनही गाडी धरत नाही. ‘ब्रेक फेल’ म्हणून जी बातमी येते, तिच्यात पुष्कळदा पाइप वगैरे काही फुटलेलं नसतं. ब्रेक नुसता भाजलेला असतो.

एक्झॉस्ट ब्रेक हे ओझं चाकांवरून काढून इंजिनावर टाकतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या पाइपात एक झडप असते. स्टिअरिंगजवळची दांडी ओढली किंवा जुन्या गाडीत पायाजवळचं बटण दाबलं, की ती मिटते. धूर अडतो, पाइपात दाब वाढतो, त्या दाबाविरुद्ध पिस्टन ढकलताना इंजिन जड होतं आणि चाकांना मागे खेचतं. त्या वेळी इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही. मात्र हे सगळं गिअर पडलेला आणि क्लच सुटलेला असेल तरच! न्यूट्रलमध्ये इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटतो, मग झडप मिटली काय अन् उघडली काय.

आता डिझेल वाचवण्याची ती जुनी समजूत. उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं, असं नवीन पोरांना क्लीनर असल्यापासून शिकवलं जातं. खरं उलटं आहे. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना, चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होते.

पुण्यात कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका अवजड वाहनानं डझनावारी गाड्या चिरडल्या, आणि चर्चा झाली ती याच सवयीची. 4 जुलै 2023 ला धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. त्यात मेलेली बहुतेक माणसं काही ट्रकमध्ये बसलेली नव्हती.

पद्धत साधी आहे, घाई तेवढी नको. घाटाच्या तोंडाशीच वेग कमी करून, ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता तो किंवा त्याहून खालचा टाकायचा आणि मग एक्झॉस्ट ब्रेक लावायचा. इंजिन जितकं जोरात फिरतं तितकी पकड जास्त, पण काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. वेग वाढायला लागला की पायाचा ब्रेक एकदा नीट दाबून आठ-दहा किलोमीटरनं वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा. पाय सतत टेकवून ठेवला की ड्रमला थंड व्हायला वेळच मिळत नाही. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला जाऊ नये. तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्येच अडकते.

पावसाळ्यात एक भान ठेवावं लागतं. हा ब्रेक फक्त इंजिनाच्या जोराच्या चाकांवर लागतो. रिकामा ट्रेलर, ओला रस्ता आणि वळण असं एकत्र आलं तर ती चाकं घसरून ट्रेलर आडवा होऊ शकतो. तिथे वळणाआधीच वेग उतरवलेला बरा. गॅरेजमध्येही सर्व्हिसिंगच्या वेळी ती झडप बघायला सांगा. काजळीनं अर्धवट मिटून अडकली तर गाडी ओढत नाही, आणि उघडी अडकली तर घाटातच कळतं.

बंद पडलेली गाडी साखळीनं टोचन करून घाट उतरवणं तर आम्हाला वेडेपणाच वाटतो. मागच्या गाडीचं इंजिन बंद म्हणजे हवा नाही, म्हणजे भरवशाचा ब्रेकही नाही. दोन्ही गाड्यांचं वजन पुढच्या एकट्या ट्रकवर येतं. क्रेनचे पैसे वाचवायला मालक सांगत असला तरी चालकानं नाही म्हणावं.

आणि घरच्यांसाठी एवढंच, की अब्बा घाटात आहेत हे माहीत असताना फोन लावू नका. खाली उतरून खोपोलीत चहाला थांबले की ते स्वतःच करतील.