कुलधरा : शाप की सारा?

राजस्थानात जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा हे ओसाड गाव आहे. भिंती उभ्या, छपरे गेलेली. गल्ल्या सरळ आखलेल्या, पण माणूस नाही. सांगतात की, दिवाण सालिमसिंगाने पालीवाल ब्राह्मणांच्या एका मुलीवर नजर ठेवली, तेव्हा चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठली. जाताना, येथे पुन्हा कोणी नांदणार नाही, असा शाप देऊन गेली.

आम्हांला हे पटत नाही. शापाने गावे ओस पडती, तर जुलमी दिवाण कधीच संपले असते! पालीवाल खडीनची शेती करीत. उतारावरून येणारे पावसाचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पिकवायचा. वाळवंटात पीक दिसले की साऱ्याचा तगादा आलाच. या दिवाणाच्या पिळवणुकीने पालीवाल परागंदा झाल्याचे कर्नल टॉड यांनी त्याच काळात लिहून ठेवले आहे. विहिरी आटणे हेही कारण सांगितले जाते. २०१७ च्या एका संशोधनाने भूकंपाची शक्यता मांडली.

शापाची गोष्ट पर्यटकांना ऐकवली जाते. खडीन मात्र जैसलमेरकडे आजही पिकतात.