कादंबरीकाराची संदर्भपेटी

ऐतिहासिक कथा अगर कादंबरी लिहिणाऱ्याला कल्पनेचें स्वातंत्र्य पुष्कळ असतें; परंतु तें पात्रांच्या अंतःकरणापुरतें, त्यांच्या ताटांतील पदार्थांपुरतें नव्हे. ज्ञानेश्वरकालीन गृहिणीनें आमटींत मिरची घातली, कीं चाणाक्ष वाचकाचा विश्वास तेथेंच उडतो; कारण मूळची अमेरिकेंतील मिरची पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानांत आली ती सोळाव्या शतकांत. असले दोष टाळण्यासाठीं पूर्वीं लेखकास मोठ्या शहरांतील ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आतां त्यांतील बरेंचसें साहित्य इंटरनेटवर घरबसल्या व विनामूल्य पाहावयास मिळतें. मात्र तें वापरण्याचीहि एक रीत आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. शिकागो विद्यापीठानें दक्षिण आशियांतील भाषांचे अनेक कोश इंटरनेटवर खुले केले आहेत. त्यांत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ति, दाते व कर्वे यांचा १९३२ पासून प्रसिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा १९९९ सालचा कोश हे तिन्ही आहेत. समजा, पेशवाईंतील एखादें पात्र ‘क्रांति’ घडविण्याची भाषा बोलत आहे. मोल्सवर्थ उघडतांच कळतें, कीं तेथें हा शब्द सूर्याच्या मार्गाशीं निगडित आहे; राज्य उलथून टाकण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. तेव्हां शब्द जुना असला तरी अर्थ जुना आहे काय, हेंहि पाहिलें पाहिजे. उलटपक्षीं, कोशांत शब्द सांपडला नाहीं एवढ्यावरून तो लोकांच्या तोंडीं नव्हताच, असें मात्र ठरवूं नये.

दुसरा विचार तिथीचा. स्वामीकन्नु पिळ्ळै यांनीं इ. स. ७०० ते १७९९ या अकराशें वर्षांचें पंचांग तयार केलें. १९२२ सालीं मद्रास येथें छापलेले त्याचे भाग आज इंटरनेटवर आहेत. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्या दिवशीं पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. अष्टमीचा चंद्र अर्धा असून तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. रणांगणांतून निसटणाऱ्या स्वारास लेखकानें संध्याकाळपासूनच काळोखांत दडविलें, तर तें खोटें होईल. पूर्वरात्रीं चांदणें होतें. तें पळणाऱ्यास वाट दाखवी, तसेंच पाठलाग करणाऱ्यास पळणाराहि दाखवी. एका तिथीनें प्रसंगाची भीति दुणावते, ती अशी.

तिसरा विचार स्थळाचा व वस्तूंचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणें जिल्ह्याविषयींचा अठरावा खंड १८८५ सालीं तीन भागांत निघाला. घरें, पोशाख, खाणेंपिणें, पिकें व बाजार यांचे बारीक तपशील त्यांत मिळतात. परंतु तो परक्या अधिकाऱ्यांच्या नजरेनें लिहिलेला आहे आणि वर्णन आहे तें इंग्रजी अमलांतील पुण्याचें, हें विसरतां कामा नये. पेशवाईसाठीं रियासतकार सरदेसाई यांनीं संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंडच चाळावे. त्यांतील पत्रांत लोक कसे रुसत, विनवीत, पैशांसाठीं तगादा लावीत, हें त्यांच्याच शब्दांत ऐकूं येतें.

असे जुने ग्रंथ १९९६ सालीं स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहांत पुष्कळ आहेत. तेथें एक अडचण संभवते. छायाचित्रित पानांवरील जुनी देवनागरी अक्षरें यंत्रास नेहमीं नीट वाचतां येत नाहींत. म्हणून शोध निष्फळ झाला तरी ग्रंथाची अनुक्रमणिका व सूची डोळ्यांनीं पाहावी. प्रश्न टाकतांच उत्तर देणारीं नवीं यंत्रें तर कधीं कधीं अस्तित्वांत नसलेल्या ग्रंथाचाहि हवाला देतात. त्यांच्याकडून दिशा घ्यावी. पुरावा मूळ पानावरच शोधावा.

शेवटीं, जमविलेलें सारें कादंबरींत ओतण्याचा मोह आवरला पाहिजे. दहा पानें वाचावीं आणि एक ओळ लिहावी. उरलेलीं नऊ पानें वाचकास दिसत नाहींत. पण त्या एका ओळीवर त्याचा विश्वास बसतो, तो त्यांच्याच बळावर.