दगडाची माती

मुलांनो, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुका घनदाट जंगलासाठी ओळखला जातो. तेथील सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिजही प्रसिद्ध आहे. परंतु याच भागात आणखी एक खनिज आहे. त्याचे नाव फेल्डस्पार.

या भागात ग्रॅनाइटसारखे फार जुने खडक आढळतात. ग्रॅनाइटचा नुकताच फुटलेला तुकडा उन्हात धरा. काचेसारखे कण दिसतील, ती गारगोटी. चमकणारे पातळ पापुद्रे म्हणजे अभ्रक. पांढरे किंवा गुलाबी, सपाट बाजूंचे कण म्हणजे फेल्डस्पार. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग याच खनिजगटाचा आहे. सह्याद्रीच्या काळ्या दगडातही तो असतो, पण तेथे त्याचे कण सहसा फार बारीक असतात.

फेल्डस्पार कठीण असतो. चाकूने त्यावर सहज ओरखडा पडत नाही. मग साधे पाणी त्याचे काय करणार? पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो. ते पाणी किंचित आम्ल बनते आणि फेल्डस्पारला हळूहळू झिजवते. त्यातील पोटॅशियम सुटे होऊन पिकांना मिळते. मागे उरते ती चिकणमाती. गारगोटी मात्र झिजत नाही. तिची वाळू होते.

ही चिकणमाती पाणी धरून ठेवते. म्हणूनच भाताच्या बांधीत पाणी साचून राहते.

दगडाची माती व्हायला हजारो वर्षे लागतात. उतारावरची झाडे तोडली, तर तीच माती थोड्या पावसाळ्यांत वाहून जाते. आता सांगा, मूठभर मातीची किंमत किती?